कुंडीतली मिरची आणि न हटणारी कीड: वाचकांचे प्रश्न

होळीच्या आसपास पुण्यातल्या बाल्कन्यांमध्ये ऊन तापायला लागतं आणि आमच्याकडे मिरचीच्या तक्रारी सुरू होतात. या वेळी त्या इतक्या आल्या की अख्खं सदर मिरचीलाच द्यावं लागलं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बाल्कनीत सहा कुंड्या आहेत, चार ज्वालाच्या आणि दोन ढोबळीच्या. सगळ्यांची शेंड्याची पानं आकसली आहेत. नर्सरीवाल्यानं ‘बोकड्या’ म्हणून सांगितलं. तीन वेळा कडुनिंबाचं तेल फवारलं, आठवड्याभरात पुन्हा तेच. तेल भेसळीचं असेल का? (कोथरूड)

तेलावर शंका घेण्याआधी पान हातात घ्या. बोकड्या किंवा चुरडा-मुरडा हे लक्षणाचं नाव आहे, किडीचं नव्हे. मिरचीचं पान तीन वेगवेगळ्या कारणांनी आकसतं आणि तिन्हींवर उपाय वेगळा आहे.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखा आकार झाला असेल, पानाच्या मागे रुपेरी चट्टे आणि बारीक काळे ठिपके दिसत असतील, तर फुलकिडे. म्हणजेच थ्रिप्स. कडा खालच्या बाजूला वळून होडी उलटी झाल्यासारखी दिसत असेल, पान अरुंद आणि देठ लांबुळका झाला असेल, तर कोळी. म्हणजेच माइट, जाळं विणणारा कोळी नव्हे. आणि पानं बारीक, पिवळट, शिरा जाड, दोन पेरांमधलं अंतर कमी होऊन झाड झुडपासारखं गच्च झालं असेल, तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. या तिसऱ्यावर औषध नाही. ते झाड उपटायचं, आणि शेजारच्या कुंडीकडे माशी जायच्या आत उपटायचं.

खात्री करायला कोरा पांढरा कागद घ्या. सकाळी नऊच्या आत शेंड्याखाली आणि उमललेल्या फुलाखाली कागद धरून फांदीवर बोटानं तीन-चार टिचक्या मारा. कागदावर पडलेला कचरा लगेच झटकू नका, अर्धा मिनिट तसाच बघत राहा. त्यातले काही कण चालायला लागतील. जेमतेम एक मिलिमीटर लांब, सुतासारखे, फिकट पिवळे किंवा काळपट. तेच फुलकिडे. फुलातून काळे किडे भराभर पडत असतील तर ती गेल्या काही वर्षांत आलेली नवी जात असू शकते. 2021-22 च्या हंगामात आंध्र आणि तेलंगणातली मिरचीची शेतं तिनं बसवली होती. ती फुलात दडते, त्यामुळे फक्त पानांवर फवारून तिचं काही बिघडत नाही. कोळी या कागदावर दिसणार नाही. तो मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा असतो, त्याला निदान 20 पटींचं भिंग लागतं.

तुमच्या वर्णनावरून फुलकिडेच वाटतात. आता तीन फवारण्या करूनही ते परत का आले ते बघू. मादी अंडी पानाच्या आत, पेशींमध्ये खुपसून घालते. पिल्लं पानावर रस शोषतात, ती तेवढी फवाऱ्यात सापडतात. पुढे कोशाच्या अवस्थेत बहुतेक जण कुंडीतल्या मातीत उतरतात आणि तिथून पंख घेऊन वर येतात. म्हणजे फवारता त्या दिवशी निम्मं कुटुंब पानाच्या आत नाहीतर मातीत सुरक्षित असतं. उन्हाळ्यात एक पिढी साधारण दोन आठवड्यांत पुरी होते. पंधरा दिवसांनी एकदा फवारणं म्हणजे प्रत्येक नव्या पिढीला मोठं होऊ देणं.

वेळापत्रक असं ठेवा. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त आकसलेले शेंडे आणि उमललेली सगळी फुलं काढून पिशवीत बंद करा. फुलं तोडताना जीव कासावीस होतो, पण त्या फुलांना मिरची धरणारच नव्हती. ती बंद पिशवी दोन दिवस कडक उन्हात ठेवून मगच आतला पाला ओल्या कचऱ्यात टाका, घरच्या कंपोस्टच्या बास्केटमध्ये नको. मग कुंडीतली वरची एक इंच माती खरवडून काढा आणि तिच्या जागी नवी माती व 12 इंची कुंडीला मूठभर, साधारण 50 ग्रॅम, निंबोळी पेंड घाला. त्याच संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाचा फवारा. नंतर सहाव्या, अकराव्या आणि सोळाव्या दिवशी. चार फवारण्या, मध्ये खंड नाही. दुसरी झाली की झाड बरं दिसायला लागतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. तिथेच चुकतं.

शेंड्याच्या उंचीवर एक निळा चिकट सापळा टांगा, तीन-चार कुंड्यांना एक पुरतो. त्यानं कीड संपत नाही, पण फवारणी लागू पडते आहे की नाही ते कळतं. दर रविवारी सापळ्यावरचे किडे मोजून आकडा कॅलेंडरवर लिहा.

शेवटचं म्हणजे, एकदा वाकडं झालेलं पान कधीच सरळ होत नाही. दहा-बारा दिवसांनी शेंड्याला जी नवी पालवी येईल ती सपाट असेल तर उपाय लागू पडला. जुन्या पानांकडे बघून ‘काही फरक नाही’ म्हणत औषध बदलत बसू नका.

प्रश्न : तेल पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगतं. बाटलीतून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी तेल. एकदा तर पानं भाजल्यासारखी झाली. (वाघोली)

पानं भाजली ती त्या शेवटच्या तेलानं. क्रम उलटा करून बघा. एक लिटर फवाऱ्यासाठी 5 मिली कडुनिंबाचं तेल (बाटलीवर 1500 पीपीएम लिहिलेलं, 10000 पीपीएमचं असेल तर 2 ते 3 मिली) वाटीत घ्या. त्यात 2 मिली द्रव साबण घालून चमच्यानं घोटा, पांढरट लेप व्हायला हवा. मग कोमट पाणी चमचा-चमचा घालत तो दुधासारखा करा आणि शेवटी उरलेल्या पाण्यात ओता. आधी पाण्यात तेल टाकून वरून साबण घातलात तर कितीही हलवा, ते जमणार नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीत हे तेल तुपासारखं थिजतं. तेव्हा बाटली दहा मिनिटं गरम पाण्यात उभी ठेवा, गॅसवर नको.

दुसरा घोळ पाण्याचा असावा. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर ते जड असण्याची शक्यता मोठी. जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि तेल धरून ठेवायला साबण उरतच नाही. पारदर्शक बाटलीत पाणी आणि साबणाचे चार थेंब घालून जोरात हलवा. फेस न होता पाणी गढूळ झालं, वर साय आली, तर ते पाणी फवाऱ्याला वापरू नका. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं शुद्ध पाणी घ्या. एका लिटरचा तर प्रश्न आहे.

भांडी घासायचं लिक्विड शक्यतो टाळा. तो साबण नसून डिटर्जंट असतो आणि पानावरचा मेणाचा थर काढतो. बागेच्या दुकानात पोटॅश साबण मिळतो, तो चांगला. नाहीतर रिठे रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून घेतलेलं पाणी वापरा.

बनवलेला फवारा त्याच संध्याकाळी संपवा. त्यातला किडीला मारणारा घटक उन्हात आणि पाण्यात लवकर मोडतो. फवारणी साडेपाचनंतर करा आणि पानांच्या मागच्या बाजूला करा. त्यासाठी कुंडी आडवी कलती करून नोझल खालून वर धरावं लागतं. पहिल्यांदा दोनच पानांवर मारून एक दिवस थांबा. आणि खालच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत ना, ते आधी डोकावून बघा. कडुनिंबाचा वास दोन धुण्यांत जात नाही.

निंबोळ्या मिळाल्या तर तेलापेक्षा ताजा अर्क आम्हाला सरस वाटतो. मे-जूनमध्ये झाडाखाली सडा पडतो, त्या धुऊन सावलीत वाळवून ठेवा. 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, एक लिटर करा, वर 1-2 मिली साबण. हाच 5 टक्के निंबोळी अर्क. नीट गाळला नाही तर नोझल तुंबतं.

प्रश्न : गणपतीच्या सुमाराला ढोबळीचे शेंडे खाली वळून करपल्यासारखे होतात, छोट्या मिरच्यांची साल खरबरीत तपकिरी होते. कीटक एकही दिसत नाही. (बाणेर)

हा पिवळा कोळी. दमट, उबदार हवा त्याला मानवते, म्हणून फुलकिड्यांचा जोर उन्हाळ्यात तसा याचा श्रावण-भाद्रपदात. त्याची पिढी आठवड्याच्या आत पुरी होते, म्हणून आज एका कुंडीवर असलेला परवा तिसऱ्या कुंडीवर दिसतो. पांढऱ्या माशीच्या पायांना धरूनही तो प्रवास करतो आणि तुमच्या बोटांवरूनही. पाणी घालताना, पानं कुरवाळताना आजारी झाडाला सगळ्यात शेवटी हात लावा.

शेंडे तीन-चार इंच छाटा. नंतर पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, दर सहा दिवसांनी असं तीनदा. 2 ग्रॅम मोजायला घरात साधन नसेल तर दुकानातून दहा ग्रॅमची पुडी घेऊन कागदावर तिचे पाच सारखे ढीग करा. पारा 32 च्या वर असताना गंधक फवारू नका. कडुनिंबाच्या तेलानंतर निदान तीन आठवडे गंधक नाही आणि गंधकानंतर तेवढेच दिवस तेल नाही, दोन्ही जवळजवळ आले की पानं हमखास भाजतात. गंधकानं फुलकिडे जात नाहीत. पहिल्या उत्तरातलं निदान नीट झालं नाही तर इथे पैसे फुकट.

कोळी लाळेतून जे सोडतो त्याचा परिणाम तो मेल्यावरही दोन-तीन आठवडे पालवीवर दिसत राहतो. धीर धरा, डोस वाढवू नका.

प्रश्न : कोवळ्या शेंड्यांवर बारीक हिरव्या किड्यांचा थर आहे, पानं चिकट झाली आहेत, मुंग्यांची रांग लागली आहे. तंबाखूचं पाणी मारू का? (धनकवडी)

तंबाखू नको. निकोटिन माणसालाही विषारी आहे, ते कातडीतून शरीरात जातं, आणि त्याच मिरच्या तुम्ही खाणार आहात. शिवाय तंबाखू आणि मिरची एकाच कुळातल्या, तंबाखूचा मोझॅक विषाणू या पाण्यातून थेट तुमच्या झाडावर येऊ शकतो. घरात कुणी तंबाखू मळत असेल तर झाडाला हात लावण्याआधी त्यांनी साबणानं हात धुवावेत, हेही याच कारणानं.

तुमच्याकडे मावा आहे आणि सगळ्या किडींत हा सोपा. पाण्याची जोरदार धार शेंड्याला खालून बोटाचा आधार देऊन मारा, रोज सकाळी, चार दिवस. खाली पडलेला मावा बहुतेक परत चढत नाही. पण मुंग्या आहेत तोवर तो संपणार नाही, कारण त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) हुसकावतात. कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर उभी करा, पान भिंतीला किंवा ग्रिलला टेकू देऊ नका. ताटलीतलं पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास.

युरिया किंवा शेणखताचा हात सैल झाला होता का, तेही आठवा. नत्र जास्त झालं की पालवी रसरशीत, मऊ होते आणि मावा तिथेच बसतो. महिनाभर खत बंद ठेवा. राख भुरभुरवायचा घरगुती उपाय माव्यावर थोडा चालतो, पण राख आणि कडुनिंब एका आठवड्यात नको. राखेच्या क्षारानं कडुनिंबाचा असर मोडतो.

प्रश्न : फांद्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो. काढला तरी पुन्हा येतो. त्यात काही मोठे पांढरे झुपकेदार किडे भराभर चालताना दिसले, ते जास्त घातक का? (सहकारनगर)

ते भराभर चालणारे मारू नका! कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, तो जवळजवळ हलत नाही. त्याच्यासारखंच पांढरं मेण पांघरून, पण आकारानं मोठी आणि चपळ अशी एका ढालकिड्याची अळी असते, ती पिठ्या ढेकूणच खाते. ओळखायची सोपी रीत म्हणजे काडीनं हळूच डिवचायचं. पळाली तर मित्र.

पिठ्या पुन्हा येतो कारण तो तुम्ही बघत नाही तिथे असतो, कुंडीच्या काठाच्या आतल्या बाजूला, तळाच्या छिद्राशी, खोड मातीत शिरतं तिथे. औषधांच्या दुकानात मिळणारं 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीवर घेऊन एकेक पुंजका टिपा, मेण विरघळून आतला गुलाबी किडा दिसला पाहिजे. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. कुंडीचा काठ त्याच बोळ्यानं पुसा. आणि शेजारची जास्वंद तपासा. पुण्यात निम्म्या मिरच्यांचा पिठ्या पूजेच्या जास्वंदीवरून येतो, असं म्हटलं तरी चालेल.

प्रश्न : मिरचीला देठाजवळ गोल भोक आणि आत अळीची विष्ठा. अळी सापडत नाही. (हडपसर)

रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन बघा, सापडेल. भोक पडलेल्या मिरच्या तोडून काढा, आतली अळी दुसऱ्या फळात जाण्याआधी. अळ्या बारीक असतानाच बीटी जिवाणूची पावडर पाकिटावरच्या मात्रेनं संध्याकाळी फवारा. मोठ्या अळीवर तिचा जोर चालत नाही, आणि रस शोषणाऱ्या किडीवर तर अजिबातच नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये ढोबळीची सगळी फुलं गळतात. कोणतं कीटकनाशक? (बिबवेवाडी)

कोणतंच नाही. कागदावर टिचकी मारून फुलकिडे नाहीत याची खात्री करा. नसतील तर हा उकाडा आहे. दिवसा 32 आणि रात्री 24 च्या वर पारा राहिला की ढोबळीला फळ धरत नाही. दुपारी 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधा.

प्रश्न : सगळं करून झालं. झुरळांचा स्प्रे मारला तर? की शेतकरी वापरतात ते औषध आणावं? (वाकड)

झुरळांचा स्प्रे खाण्याच्या झाडासाठी नाहीच. त्यातल्या द्रावकानं पानं जळतात. शिवाय त्यात बहुधा पायरेथ्रॉइड गटाचं औषध असतं. त्यानं कोळ्याला खाणारे मित्रकीटक आधी मरतात, कोळी उरतो आणि दुप्पट जोमानं वाढतो. ‘औषध मारल्यावर वाढलं’ अशा पत्रांमागे बहुतेक वेळा हेच असतं. मातीत घालायचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशकही कुंडीत नको, ते मुळांतून फळात आणि फुलात जातं, आणि रोज एक-दोन मिरच्या तोडणाऱ्याला तोडणीआधीचे थांबायचे दिवस पाळता येत नाहीत.

फुलकिडे खरोखरच हटत नसतील तर शेवटचा पर्याय म्हणून स्पिनोसॅड 45 एससी हे कीटकनाशक. लेबलवर मिरचीचं नाव आहे ना, ते वाचून घ्या. मात्रा लिटरला साधारण 0.3 मिली. टोपणानं अंदाजे ओतू नका, औषधांच्या दुकानातून 1 मिलीची इन्सुलिनची सिरिंज आणा, सुई काढून टाका आणि ती फक्त याच कामाला ठेवा. ओलं असेपर्यंत ते मधमाश्यांना मारतं, म्हणून अंधार पडल्यावरच फवारा. लेबलवर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत तोडणी बंद. एका हंगामात दोनदाच, सलग तर नाहीच, कारण फुलकिडे औषधाला फार लवकर सरावतात. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, त्याच कुंड्यांवर संपेल एवढंच, अर्धा लिटर, बनवा.

याआधी एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. झाडाचं खोड पेन्सिलीएवढं जाड असेल तर ते मातीपासून सहा-सात इंचांवर छाटा, एकही पान ठेवू नका, वरची माती बदला आणि कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. पाणी निम्मं करा. तीन आठवड्यांत डोळे फुटतात. पावसाळ्याच्या तोंडाला हे छान जमतं, थंडीत वेळ लागतो.

प्रश्न : विषाणूनं गेलेल्या झाडाची माती फेकून द्यायची का? (कर्वेनगर)

पानं आकसवणारा विषाणू मातीत टिकत नाही, माशीवाटे येतो. माती वाचवता येते, मुळं तेवढी निवडून काढा. पण फुलकिड्यांचे कोश आणि मोझॅकची बाधा झालेले पाल्याचे तुकडे तिच्यात राहू शकतात. मे महिन्यात गच्चीवर ती चार इंच जाडीनं पसरा, मुठीत गोळा होईल इतकी ओली करा, वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा विटांनी दाबा आणि चार आठवडे ठेवा. काळं प्लॅस्टिक घेऊ नका, त्याखाली माती तेवढी तापत नाही. मोझॅकची शंका असेल तर मात्र तापवलेली मातीही वर्षभर मिरची, टोमॅटो, वांग्याला नको. पालकाला, मेथीला वापरा. कुंडी रिकामी असतानाच आतून ब्रशनं घासून धुवा, काठाखालच्या खाचेसकट.